नुक्ता किती पिक्सेलचा?

माझ्या फोनमध्ये शाळेचे, शिक्षकांचे, मोहल्ल्याचे आणि नात्यागोत्याचे मिळून जितके व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, त्यांत येणारा निम्मा मजकूर खरे तर मजकूर नसतोच. तो फोटो असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, इंतेकालची खबर आणि जनाज्याची वेळ, मुशायऱ्याचे निमंत्रण, परीक्षेचे वेळापत्रक, जुन्या दिवानातली एखादी गझल, सगळे चित्रात. त्यातली कितीतरी चित्रे दोन बोटांनी ताणून वाचावी लागतात, आणि ताणली की फाटतात. लेखासोबत टाकायच्या चित्रांचीही हीच गत. मी उर्दू आणि मराठी शिकवते, दोन्हींत थोडेफार लिहिते, त्यामुळे जुन्या पानांचे फोटो टाकण्याची वेळ माझ्यावर वारंवार येते. म्हणून आज विषय जरा कारागिरीचा घेतला आहे: चित्रातली अक्षरे शाबूत कशी ठेवायची.

प्रश्न फक्त डोळ्यांच्या त्रासाचा असता तर एवढे लिहिले नसते. चष्म्याचा नंबर बदलता येतो. पण उर्दू लिपी नुक्त्यांवर उभी आहे. ज्यांना उर्दू येत नाही त्या वाचकांसाठी थोडे सांगते. बे, पे, ते आणि से ही चार अक्षरे एकाच नावेसारख्या आकाराची. खाली एक ठिपका असेल तर बे, खाली तीन असतील तर पे, वर दोन तर ते, वर तीन तर से. शब्दाच्या मध्ये आली की ही नावसुद्धा उरत नाही, फक्त एक बारीक दात उरतो. त्याला आम्ही शोशा म्हणतो. नून आणि ये मध्ये आले तरी तसाच दात. जीम, चे, हे, खे यांचे पोट एकच, फरक ठिपक्यांचा. म्हणून खुदा आणि जुदा यांत अंतर एका नुक्त्याच्या जागेचे आहे. महरम आणि मुजरिम यांत एका नुक्त्याच्या असण्या-नसण्याचे. पे चे तीन नुक्ते पुसट होऊन एकच दिसू लागले तर पापचा बाप होतो. वर्गात मुले यावर खूप हसतात.

पण एक जोडी अशी आहे की तिच्यावर मराठवाड्यात कुणी हसणार नाही. उर्दूत ‘कुनबी’ कसे लिहितात? काफ, मग नूनचा दात आणि वर एक नुक्ता, मग बेचा दात आणि खाली एक नुक्ता, शेवटी ये. आणि ‘कितनी’? काफ, तेचा दात आणि वर दोन नुक्ते, नूनचा दात आणि वर एक, शेवटी ये. नुक्ते काढून टाका, दोन्ही शब्दांचा सांगाडा तंतोतंत एक. मी एकदा नववीच्या वर्गात फळ्यावर हा सांगाडा नुक्त्यांशिवाय लिहिला आणि वाचायला सांगितला. सगळ्यांनी ‘कितनी’ वाचले. एकानेही ‘कुनबी’ म्हटले नाही. ओळखीचा शब्द आधी दिसतो, हा वाचनाचा स्वभावच आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकालीन कागदपत्रांत मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या कुणबी म्हणून नोंदी आहेत का, हे तपासण्याचे काम तिच्याकडे होते. तहसील आणि भूमी अभिलेखच्या कपाटांतून जुने दप्तर बाहेर आले आणि अचानक मोडी व उर्दू वाचणाऱ्या माणसांना भाव आला. एरवी ‘उर्दू शिकून काय करणार?’ असे विचारणारे लोकही उर्दू वाचणारा शोधू लागले. सापडलेल्या नोंदींची पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढली. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचे नाही. मला दिसतो तो कागद. घसटीच्या हाताने, म्हणजे ‘शिकस्ता’त, घाईने लिहिलेला. त्या काळचा कारकून निम्मे नुक्ते टाकतच नसे, आणि टाकलेले अनेकदा भलत्या जागी सरकलेले असत. आधीच एवढे तोकडे असलेले पान आपण स्कॅन करताना, लहान करताना, दाबताना आणखी एक नुक्ता गमावला, तर वाचणाऱ्याने काय करायचे? त्या ठिपक्यावर कुणाचा तरी दाखला अडकलेला असतो.

आता कुणी विचारेल, उर्दूवाले एवढे चित्रात का लिहितात? सरळ टाइप का करत नाहीत? याचे उत्तर जुने आहे. आमची आवडती लिखावट नस्तालीक. तिच्यात शब्द उजवीकडून वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो, प्रत्येक अक्षर शेजारी पाहून आकार बदलते. शिशाचे सुटे खिळे जुळवून ही उतरण साधणे फार कठीण. म्हणून उर्दू छपाई दीड शतक दगडावर राहिली. मराठीनेही दगड पाहिला आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली छापलेली ज्ञानेश्वरीही शिळाछापच. पण देवनागरीला खिळे मानवले. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने ते इतके रेखीव पाडले की मराठी लवकरच दगडावरून उतरली. उर्दू मात्र कातिबाच्या हातावर राहिली.

आपल्या शहराचा यात मोठा वाटा आहे, तो सांगायलाच हवा. मौलवी अब्दुल हक १९१२ साली अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले आणि अंजुमनचे कार्यालय औरंगाबादेत आले. १९२१ च्या जानेवारीत इथूनच ‘उर्दू’ हे त्रैमासिक निघू लागले. पुढे अंजुमन दिल्लीला गेली. आज जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमध्ये ‘औरंगाबाद, दक्कन’ असे छापलेले मुखपृष्ठ समोर आले की मी दोन क्षण थांबतेच.

दगडाच्या छपाईत दोन कारागीर असत. कातिब पिवळ्या लेपाच्या कागदावर तेलकट शाईने पान लिही. ते पान दगडावर उलटे उतरवले जाई. उतरताना कुठे नुक्ता उडे, कुठे दात झिजे, कुठे दोन अक्षरे चिकटत. मग दुसरा कारागीर, संगसाज, दगडावर वाकून आरशातल्यासारखी उलटी अक्षरे वाची, आणि उडालेले नुक्ते बारीक कलमाने पुन्हा बसवी. उलटे वाचून उलटे लिहिणे! माझ्या सासरच्या एका बुजुर्ग कातिबांकडून मी हे वर्णन ऐकले आहे. त्यांच्या मते कातिबाचे नाव पुस्तकावर येई, संगसाजाचे कधीच नाही, पण किताब वाचण्यालायक राही ती संगसाजामुळे.

१९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने संगणकावर नस्तालीक आणली आणि लाहोरचा ‘जंग’ तिच्यात छापला गेला. १९९४ च्या सुमारास दिल्लीत तयार झालेले इनपेज आले आणि आपल्याकडच्या गल्लीबोळातल्या उर्दू छपाईचा चेहरा बदलला. कातिबांचे काम गेले. पण जुन्या इनपेजमधला मजकूर वेबसाइटवर तसाच चिकटवता येत नसे, तो युनिकोडमध्ये नव्हता. मग सोपा उपाय निघाला: पानाचे चित्र करा आणि ते टाका. कित्येक वर्षे अनेक उर्दू दैनिकांच्या साइटवर बातमी म्हणजे एक चित्रच असे. २०१४ मध्ये गूगलचा नोटो नस्तालीक हा मोफत फॉन्ट आला, आता फोनवर सरळ नस्तालीकमध्ये टाइप करता येते. सवय मात्र चित्राचीच राहिली आहे.

तर, चित्र करायचेच असेल तर नुक्ता कसा वाचवायचा?

आधी तो मरतो कसा, ते पाहू. आपण जे फोटो पाठवतो ते बहुतेक जेपीईजी प्रकारचे असतात. हा प्रकार १९९२ साली ठरला तो छायाचित्रांसाठी: आभाळ, चेहरे, झाडे. तो चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतो, आणि प्रत्येक चौकोनातले बारीक, झटकन होणारे बदल टाकून देतो. आभाळात असे बदल नसतातच, म्हणून काही बिघडत नाही. पण अक्षर म्हणजेच झटकन होणारा बदल: पांढरे, लगेच काळे, लगेच पुन्हा पांढरे. तो बदल टाकला की अक्षराच्या कडेला मुंग्या जमल्यासारखी करडी घाण दिसू लागते. चार पिक्सेलचा नुक्ता अशा दोन चौकोनांच्या सीमेवर आला तर विचारूच नका.

रंगांचे आणखी वाईट. जेपीईजी सहसा उजेडाची माहिती पिक्सेलगणिक ठेवतो, पण रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एक ठेवतो, कारण माणसाचा डोळा रंगाच्या कडा तेवढ्या बारकाईने पाहत नाही. म्हणून काळ्यावर पांढरे तगते, आणि हिरव्यावर लाल चिघळते. ईद-ए-मिलादची पोस्टर करणाऱ्या आमच्या तरुणांना हे हात जोडून सांगावेसे वाटते. हिरव्या पार्श्वभूमीवर लाल नात, तिला सोनेरी सावली, मागे घुमटाचा फोटो. (इतर मोहल्ल्यांतही रंग बदलतात, हौस तीच.) चौकातल्या फ्लेक्सवर ते चालून जाते, फोनवर नुक्ता दिसतच नाही. साधा फिकट कागदी रंग आणि त्यावर गडद अक्षर, याला पर्याय नाही.

म्हणून संगणकावर किंवा फोनवर बनवलेले अक्षरांचे चित्र नेहमी पीएनजी म्हणून साठवावे. पीएनजी काहीच टाकून देत नाही, जेवढे पिक्सेल दिले तेवढे तसेच्या तसे परत देतो. सपाट पार्श्वभूमी असेल तर त्याची फाइलही लहान होते, कधी कधी जेपीईजीपेक्षाही लहान. जुन्या पानाचा फोटो असेल तर पीएनजी जड होतो, कारण जुन्या कागदाला हजार छटा असतात. तिथे मी रंग काढून टाकते, करडा करते आणि सोळा छटांवर आणते. पिवळेपणाची शोभा जाते खरी, पण अक्षर तसेच राहते आणि फाइल हलकी होते. कागदाचा रंगच दाखवायचा असेल, शाईचा लाल रंग महत्त्वाचा असेल, तर मग जेपीईजी, पण दर्जा नव्वदच्या आसपास.

आता शीर्षकातला प्रश्न. खुशखतीत नुक्ता हे नुसते चिन्ह नाही, ते माप आहे. कलमाच्या टोकाच्या रुंदीचा जो चौकोनी ठिपका पडतो त्याला कत म्हणतात, आणि अक्षरांची लांबी-रुंदी त्यातच मोजतात. नस्तालीकमधला अलिफ तीन कत उंच. म्हणजे नुक्ता शाबूत तर अक्षरही शाबूत. म्हणून मी चित्राचा आकार इंचात किंवा एमबीत ठरवत नाही, नुक्त्यात ठरवते. चित्र पूर्ण मोठे करून एक नुक्ता किती पिक्सेल रुंद आहे ते मोजते. पाचाच्या खाली गेला की मला ते चित्र चालत नाही.

हिशेब सोपा आहे. पुस्तकाचे पान १४८ मिलिमीटर रुंद, म्हणजे ए-फाइव्ह, आणि त्यातला नुक्ता एक मिलिमीटरचा धरा. ३०० डीपीआयवर स्कॅन केले तर पान सुमारे १७५० पिक्सेल रुंद येते आणि नुक्ता बारा पिक्सेलचा. हेच चित्र लहान करून १०८० पिक्सेल केले तर नुक्ता सातचा, अजून ठणठणीत. ७०० केले तर पावणेपाचचा, काठावर. ४०० केले तर तीनही नाही. तीन पिक्सेलपेक्षा बारीक असे तीन नुक्ते शेजारी शेजारी असतील तर त्यांच्या मधली फट अर्ध्या पिक्सेलची, आणि पाप-बाप सुरू. ज्या पानावर बारीक अक्षरातल्या तळटीपा किंवा समासातल्या टिपा असतील ते मी ६०० वर स्कॅन करते. आणि अख्खे पान दाखवण्याचा हट्ट नसेल तर लागतो तेवढाच परिच्छेद कापून घेते. चार ओळी रुंदभर दिल्या की वाचकाला बोटे ताणावी लागत नाहीत.

लहान करणे हे एकदाच, आणि नेहमी मूळ फाइलवरून. १७५० वरून १४००, मग ११००, मग ८०० असे टप्प्याटप्प्याने उतरत गेले की प्रत्येक टप्प्यावर कडा विरघळतात. लहान केल्यावर अक्षर थोडे मऊ पडतेच. तेव्हा सगळ्यात शेवटी हलका ‘शार्पन’ द्यावा. हलका. जास्त दिला की अक्षराभोवती पांढरी झालर उमटते, आणि पुढे कुणी जेपीईजी केले तर त्या झालरीतही मुंग्या येतात. लहान चित्र मोठे करून मात्र काहीच मिळत नाही, जे पिक्सेल कधी टिपलेच नाहीत ते येणार कुठून?

स्कॅनर नसेल तर फोन पुरतो. खिडकीजवळ, तिरप्या पण मऊ उजेडात पान सपाट ठेवावे. फोन पानाला समांतर धरावा, झूम न करता जवळ जावे, आणि पानावर बोट टेकवून फोकस ठरल्यावरच टिपावे. फ्लॅश नको, जुन्या चकचकीत शाईवर तो डाग पाडतो. बांधणीमुळे मधे वळलेले पान हा त्रास आहेच. पुस्तक दाबून सपाट करण्याच्या फंदात कुणी पडू नये, जुनी पाने बिस्किटासारखी मोडतात.

पाठवण्याबद्दल एक गैरसमज आहे. लोक म्हणतात, फॉरवर्ड होऊन होऊन फोटो खराब होतो. नुसत्या फॉरवर्डमध्ये बहुधा तीच फाइल पुढे जाते. खराब होतो तो पहिल्यांदा फोटो म्हणून चढवताना, कारण व्हॉट्सॲप त्याला लहान करून दाबते. आणि नंतर कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढतो, कडा कापतो, त्यावर आपल्या ग्रुपचे नाव टाकतो आणि पुन्हा चढवतो तेव्हा. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, तो बरा. पण अक्षरांचे चित्र पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, तेव्हा फाइल जशीच्या तशी जाते. लेख वेबसाइटवर चढवतानाही लक्ष ठेवावे लागते. वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठे चित्र स्वतःहून लहान करते आणि त्याच्या छोट्या आवृत्त्याही बनवते, वाचकाला त्यातली कोणती दिसते ते चढवल्यावर एकदा साध्या फोनवर पाहून घ्यावे. माझ्या लॅपटॉपवर सुंदर दिसणारे पान शाळेच्या शिपाईमामांच्या फोनवर कसे दिसते, ही माझी शेवटची तपासणी.

आतापर्यंतची गोष्ट नुक्ता पुसट होण्याची होती. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे नसलेला नुक्ता उगवणे. आजकाल फोनमध्ये अशी ॲप आली आहेत की धूसर फोटो दिला की क्षणात लख्ख करून देतात. चेहऱ्यांचे ठीक, पण ही ॲप अक्षर वाचत नाहीत, अक्षरासारखे काहीतरी काढतात. जिथे डाग होता तिथे सुबक ठिपका येतो, जिथे दोन नुक्ते अंधुक होते तिथे ठसठशीत एक. पुसट पान निदान प्रामाणिक असते, आपल्याला शंका येते. लख्ख खोट्या पानावर शंका कोण घेणार?

ही नुसती भीती नाही. २०१३ मध्ये जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत आकडे बदलत होते. इमारतीच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळे वेगळी येत होती, ६ च्या जागी ८ उमटत होता. यंत्र जागा वाचवण्यासाठी सारखे दिसणारे ठसे एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवत होते. आकडा धूसर नव्हता, अगदी स्पष्ट होता, फक्त चुकीचा होता. कंपनीला नंतर दुरुस्ती द्यावी लागली. आपल्या निजामकालीन नोंदींवर अशी एखादी हुशार दुरुस्ती चालली तर ‘कितनी’ची ‘कुनबी’ आणि ‘कुनबी’ची ‘कितनी’ व्हायला वेळ लागणार नाही, आणि दोन्ही बाजू चित्र दाखवून भांडतील. संगसाजही उडालेला नुक्ता बसवत असे, पण त्याच्याजवळ कातिबाची मूळ प्रत असे आणि त्याला भाषा येत असे. म्हणून दप्तराच्या पानांना माझा नियम एकच: उजेड-अंधार कमी-जास्त करा, वाकडे पान सरळ करा, पण ‘सुधारू’ नका. आणि मूळ स्कॅन वेगळा जपून ठेवा.

मराठी वाचकांनी हे सगळे उर्दूचे दुखणे समजून हसू नये. देवनागरीलाही असे नाजूक सांधे आहेत. ध आणि घ, भ आणि म यांच्यात खरा फरक शिरोरेषेतल्या फटीचा. चित्र दाबले गेले की ती फट पहिल्यांदा बुजते. मग धडा घडा होतो, भात मात होते. एका ग्रुपवर आलेल्या फाटक्या चित्रात ‘शिक्षक भरती’ मला ‘शिक्षक मरती’ असे दिसले होते. भरतीची इतकी वर्षे वाट पाहणाऱ्या डीएड-बीएडवाल्यांना ते फार चुकीचे वाटले नसते. अनुस्वार तर आपला नुक्ताच: वंशाचा वश, मंदचा मद. दऱ्या आणि दर्या हे लहान अक्षरात वेगळे राहिले पाहिजेत, नाहीतर डोंगराचा समुद्र होतो. देवनागरीसाठी मी अनुस्वार मोजते, तो चार पिक्सेलच्या खाली नको, आणि शिरोरेषा दोनच्या खाली नको. बारीक, नाजूक, लग्नपत्रिकेतले फॉन्ट चित्रात वापरू नयेत.

गंमत अशी की मराठीने नुक्ता घेतलाच नाही. जमीन आणि जग यांतला ज आम्ही डोळ्यांनी एकच पाहतो आणि जिभेने वेगळा म्हणतो. माझ्या उर्दू माध्यमाच्या मुलांना हे सुरुवातीला फार अन्यायाचे वाटते. ‘मॅडम, मग कळते कसे?’ ऐकून कळते, असे मी सांगते. कुरआनच्या सर्वात जुन्या हस्तलिखितांतही नुक्ते फार तुरळक आहेत. वाचणाऱ्यांना ते तोंडपाठ होते, लिखावट फक्त आठवणीला आधार होती. आपण आयतींचे फोटो सकाळ-संध्याकाळ पाठवतो तेव्हा मात्र वाचणाऱ्याला ती आयत पाठ असेलच असे नाही. जेर-जबर तर नुक्त्याहूनही बारीक. तिथे तरी चित्र पुसट असेल तर पाठवू नये, एवढी सावधगिरी आपण बाळगू शकतो.

शेवटी, सगळ्यात ठळक अक्षर ते जे चित्रात नसतेच. टाइप केलेला मजकूर कितीही मोठा करा, फाटत नाही. तो शोधता येतो, दुसऱ्या लिपीत उतरवता येतो, फोनला वाचून दाखवता येतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, तिला जवळपास दिसत नाही. तिचा फोन तिला मजकूर वाचून दाखवतो आणि चित्र आले की नुसते ‘इमेज’ म्हणून गप्प होतो. तिने मला एकदा सांगितले, ‘मॅडम, ग्रुपवर दिवसभर इमेज, इमेज, इमेज ऐकू येते.’ तेव्हापासून सूचना, तारखा, पत्ते, वेळा मी टाइपच करते आणि इतरांनाही तोच आग्रह करते. चित्र फक्त तिथे, जिथे पान स्वतःच पुरावा आहे किंवा पानाची लिखावटच पाहण्यासारखी आहे. आणि त्या चित्राखाली तोच मजकूर उर्दूत आणि देवनागरीत, दोन्ही.

पुढचा लेख आपल्या शहराच्या सिराज औरंगाबादींवर आहे. आयुष्य फार मोठे नाही, आणि कबर इथेच. त्यासाठी एका जुन्या प्रतीतले पान तयार करून ठेवले आहे: करडे, सोळा छटा, १०८० पिक्सेल रुंद, नुक्ता सहा पिक्सेलचा. खाली मजकूर टाइप केला आहे. एका शब्दावर मात्र मूळ कागदालाच कसर लागली आहे, नुक्ता वर होता की खाली ते कळत नाही. तिथे मी प्रश्नचिन्ह ठेवले आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी सिराजच्या कुल्लियातची जुनी प्रत असेल तर कळवा, त्या पानाचा फोटो हवा आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.